तारखा कोण ठरवतं

पोलीस उसाच्या फडात आले तेव्हा रतनबाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढत होती. खालून कुणीतरी तिचं नाव घेतलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. फडात असं पुरं नाव कुणी घेत नाही. तिनं मोळी ट्रॉलीत टाकली, पदरानं तोंड पुसत खाली उतरली. दोन हवालदार उभे होते आणि त्यांना रस्ता दाखवायला आलेला कारखान्याचा माणूस.

"रतनबाई शहादेव घोळवे तुम्हीच ना? वॉरंट आहे तुमच्या नावावर. बीड जिल्ह्यातनं आलंय."

"माज्या नावानं? म्या काय केलं?"

"कोर्टात हजर राहत नाही तुम्ही. साक्षीला बोलावलंय तर यायला नको?"

आजूबाजूचे कोयते थांबले. सगळी टोळी बघायला लागली. रतनबाईला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा कानशिलं तापली. मार तिनं खाल्ला होता. खांद्याचं हाड तिचं मोडलं होतं. फिर्याद तिनं दिली होती. आणि वॉरंटही तिच्याच नावानं निघालं होतं.

प्रकरण तीन वर्षांपूर्वीचं. दसरा होऊन गेला होता, खळेगावच्या बाहेर त्यांच्या वस्तीवर ट्रक लागला होता आणि माणसं बिऱ्हाडं चढवत होती. रतनबाईची सून करिष्मा तेव्हा सात महिन्यांची गरोदर. रतनबाईनं टोळी नेणाऱ्या मुकादम हनुमानला सरळ सांगितलं, "ही पोरगी यंदा येनार न्हाई. बाळंत व्हऊ द्या, मग पुढल्या साली बघू."

"कोयता ठरलाय," हनुमान म्हणाला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हा उसातला हिशेब. "अर्धा कोयता घेऊन काय करू म्या?" आणि त्यानं करिष्माचा दंड धरून तिला ट्रककडं ओढलं. रतनबाई मधी पडली. हनुमानच्या हातात ट्रकच्या फळीची सळई होती. ती त्यानं दोनदा उचलली. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा माणसांनी धरला.

हे सगळ्या वस्तीनं दिवसाउजेडी बघितलं होतं. शेजारची म्हातारी चंद्रभागाबाई तर हनुमानच्या पायाला लोंबकळली होती. एवढं सरळ प्रकरण. पोलिसांनी कागद केले, केस तालुक्याच्या कोर्टात गेली, हनुमान जामिनावर सुटला आणि त्याच साली टोळी घेऊन गेलाही. करिष्माला मुलगी झाली, ती चालायला लागली, बोलायला लागली, पण कोर्टानं रतनबाईचं म्हणणं अजून ऐकलं नव्हतं.

कारण तारखा पडायच्या त्या थंडीत. दिवाळीनंतर वस्तीला कुलुपं लागायची ती गुढीपाडव्यापर्यंत. माणसं सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकात. समन्स घेऊन आलेला हवालदार कुलूप बघून 'घर बंद' असं लिहून परत जायचा. पावसाळ्यात ती सगळी आपल्या पायानं कोर्टात जायची, तेव्हा साहेबांची बदली झालेली असायची, नाहीतर हनुमानचा वकील आजारी असायचा. मागच्या पावसाळ्यात कारकुनानं पुढची तारीख सांगितली ती डिसेंबरची.

"डिसेंबरात आमी इथं नसतो, साहेब," रतनबाई म्हणाली होती.

"बोर्ड भरलाय बाई. मिळेल ती तारीख घ्यायची."

हनुमानचा वकील शेजारीच उभा होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. डिसेंबर ऐकून तो नुसता मान हलवत बाहेर गेला.

ती तारीख हुकली, आणि आता हे वॉरंट. एका हवालदारानं तिचा अंगठा घेतला, जानेवारीतल्या तारखेला हजर राहायचं बजावलं आणि दोघं जीपमध्ये बसून निघून गेले. शहादेव, तिचा नवरा, कोयता टेकवून खाली बसला.

"जाऊ नगंस," तो म्हणाला. "तू गेलीस म्हंजी म्या एकटा काय तोडू? काय करत्यात त्ये?"

"धरून नेत्याल. चोरावानी," रतनबाई म्हणाली. "मला धरून न्यायच्या आदी म्या माज्या पायानं जाते. एकदा बघू तरी द्या, ह्यांचं कोर्ट हाय तरी कुनासाठी."

करिष्माही निघणार होती, पण तिला रतनबाईनं थांबवलं. दोन कोयते मोडले असते. ती एकटीच एसटीनं निघाली. सकाळी मांजरसुंब्याला उतरली, ढाब्याच्या नळावर तोंड धुतलं, चहा घेतला आणि तालुक्याला जाणारी जीप धरली. खांदा ठणकत होता. थंडीत तो ठणकायचाच.

कोर्टात शिपायानं तिचं नाव पुकारलं. "हजर," ती म्हणाली आणि लाकडी कठड्याला धरून उभी राहिली. समोर न्यायाधीश बाई होत्या, वयानं करिष्मापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी आरोपीबद्दल विचारलं. हनुमानचा वकील उठला आणि एक कागद पुढं केला.

"आरोपी मजुरांची टोळी घेऊन कर्नाटकात आहे, मॅडम. पोटापाण्याचा प्रश्न आहे. आजच्या दिवसाची गैरहजेरी माफ व्हावी."

न्यायाधीश बाईंनी कागद वाचला. सरकारी वकिलांकडं बघितलं. सरकारी वकील म्हणाले, हरकत नाही.

"अर्ज मंजूर. साक्षीदाराचं वॉरंट रद्द. पुढची तारीख फेब्रुवारी."

पुढचं नाव पुकारायला शिपायानं तोंड उघडलं, पण रतनबाई जागची हलली नाही.

"मॅडम, आता काय झालं?"

"आरोपी नाही म्हणून पुढची तारीख दिलीये. फेब्रुवारीत या."

"त्ये ऐकलं म्या. पन म्या उसात हुते तर माज्यामागं पोलीस लावले. आन त्यो उसात हाय तर त्याला नुसता कागद देऊन चालतंय? मार खाल्लेलीनं फडातून पळत यावं, आन मारनाऱ्यानं तिथं बसून कागद धाडावा?"

"आवाज हळू," शिपाई म्हणाला.

"हळूच बोलले इतकी सालं! जूनमदी आले, जुलैमदी आले, हात जोडून सांगितलं का आमी थंडीत नसतो. एका तरी मानसानं ऐकलं का? आमचा सगळा तालुका जानतो का दिवाळीनंतर वस्त्या मोकळ्या पडत्यात. ह्या कोर्टाला तेवडं ठावं न्हाई?"

खोलीतले वकील वळून बघायला लागले. न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या चिडतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्या म्हणाल्या, "मला इथं येऊन दोन महिने झालेत. तुमचं म्हणणं लेखी द्या. फेब्रुवारीत तुमची साक्ष घेईन."

फेब्रुवारी. म्हणजे तोवर रतनबाईनं गावात बसून राहायचं आणि शहादेवनं तिकडं एकट्यानं मोळ्या बांधायच्या. ती बाहेर आली तर सरकारी वकील भिंतीला टेकून फोन बघत होते.

"बाई, तुमचा राग कळतो," ते म्हणाले. "पण कोर्ट काही गावाला विचारून चालत नसतं."

"मंग कुनाला इचारून चालतं?"

आतून पुढचं नाव पुकारलं तसा त्यांनी फोन खिशात टाकला आणि आत गेले. ते वाईट माणूस नव्हते.

वस्तीवर चंद्रभागाबाई आणि चार-दोन म्हातारी माणसं सोडली तर कुणी नव्हतं. रतनबाईनं घराचं कुलूप काढलं, चूल पेटवली आणि तो सवाल तिच्या डोक्यात घोळत राहिला. तारखा ठरवतं कोण? शाळेची सुट्टी गाव बघून ठरते. बाजाराचा वार गाव बघून ठरतो. कोर्टालाच गाव दिसत कसं नाही?

प्रजासत्ताक दिनाला झेंडा झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. ती चंद्रभागाबाईला घेऊन गेली आणि बायकांमध्ये न बसता पुढं उभी राहिली. तिनं ठराव मागितला, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या केसेस पाडवा ते दसरा एवढ्यातच चालाव्यात, आणि कोर्टाच्या तारखा गावाला आधी कळाव्यात.

खुर्चीवरून आप्पाराव उठले. आप्पाराव गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, गोड आवाज, आणि हनुमानचे सख्खे मामा.

"रतन बोलली ते लाखातलं बोलली," ते म्हणाले. "म्या तर म्हनतो, आर्धं कशाला? समदंच गावाच्या हातात घेऊ. कोर्टाच्या कामावर गावाची समिती पायजे. कुनाची केस कवा लावायची, कुनाची गावातच मिटवायची, हे समिती ठरवील. कोर्टानं समितीला इचारून फुडं जायचं. तंटामुक्त समिती हायच, तिलाच हे काम देऊ."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रभागाबाईनंही वाजवल्या, तिला वाटलं आपलंच म्हणणं मान्य झालं. रतनबाई मात्र दोन पावलं पुढं आली.

"आप्पा, त्या समितीत कोन कोन हाय?"

"हाय की गावातलीच मानसं."

"हितं बसल्यालीच. आन उसात गेल्याली? बायका?"

"त्या हितं नसत्यात, रतन, त्यांना कसं घेनार?"

"म्हंजी कोर्टात बी आमी नसतो म्हनून आमचं ऐकत न्हाईत, आन गावात बी नसतो म्हनून ऐकनार न्हाईत!" तिचा आवाज चढला. "आन माजी केस समितीम्होरं आली तर तुमच्या भाच्याचा न्याय तुमी करनार?"

आप्पारावांचा चेहरा बदलला नाही. "केस कशाला म्हनतीस? घरातली बाब हाय ही. मिटवून घ्यायची. गावाची इज्जत कोर्टात कशाला न्यायची?"

"सळई माज्या खांद्यावर पडली आप्पा, गावाच्या इज्जतीवर न्हाई पडली. तवा गाव म्हंजी कोन हुतं? ट्रकमदी चढलेली मानसं गाव न्हाईत का?"

ठराव झाला तो आप्पारावांच्या शब्दांत झाला. कोर्टाच्या कामकाजात तंटामुक्त समितीला स्थान मिळावं. रतनबाईनं त्यावर अंगठा दिला नाही. चंद्रभागाबाईनं दिला होता. कळल्यावर ती म्हातारी वाटेत रडायला लागली.

"मला काय ठावं, पोरी? त्यो तुजंच म्हननं बोलतो असं वाटलं."

"मलाबी आदी तसंच वाटलं, मावशी," रतनबाई म्हणाली.

फेब्रुवारीत न्यायाधीश बाई रजेवर होत्या. तारीख एप्रिलची पडली. रतनबाईनं त्या दिवशी कोर्टाच्या ओट्यावर बसून भाकरी खाल्ली नाही, पाणीही घेतलं नाही. पण पाडव्याला टोळ्या परतल्या. शहादेव आला, वाळून गेलेला. करिष्मा आणि तिचा नवरा आदिनाथ आले. आणि रतनबाई घरात बसली नाही.

सिरसाळ्याच्या बाजारात ती बाजाराच्या दिवशी जायची, भाजी घ्यायची कमी, बायका गाठायची जास्त. ज्या बाईच्या हातावर उसाच्या पाचटाचे चरे दिसतील तिला विचारायची, तुझी कोर्टात केस हाय का? बहुतेकींची होती, नाहीतर त्यांच्या घरातल्या कुणाची तरी. दिंद्रुडकडची सुनिता भेटली. नवऱ्यानं टाकलेली, पोटगीचा दावा लावलेला, ती उसात असताना दावा निकालात निघालेला. 'अर्जदार गैरहजर' म्हणून. तो पुन्हा दाखल करून ती परत तारखांच्या मागं लागली होती. सुनिता दहावीपर्यंत शिकलेली होती आणि तिला रतनबाईपेक्षा जास्त राग होता.

"कोर्टाला निवेदन द्यायचं तर समिती बी मागू आपन," सुनिता म्हणाली. "आप्पारावाची न्हाई. आपली. आर्ध्या बायका, आर्धी ऊसतोडीची मानसं. आन ज्याची केस चालू हाय, त्यो समितीत न्हाई."

"मंग म्या बी न्हाई," रतनबाई हसली. त्या वर्षातलं तिचं ते पहिलं हसणं.

"तुमी बी न्हाई, मावशी. म्या बी न्हाई."

एप्रिलची तारीखही पुढं ढकलली गेली. जून लागला तशा त्या कोर्टात जाऊन बसायला लागल्या. ज्या दिवशी कुणाची केस असेल त्या दिवशी सगळ्या. घोषणा नाहीत, काही नाही. मागच्या बाकांवर बसायच्या, बाकं संपली की खाली. कारकुनानं तारीख सांगितली की एकजण उठून विचारायची, "ही तारीख पावसाळ्यात हाय का उसात?" वकील वैतागले. शिपायानं दोनदा बाहेर काढल्या. न्यायाधीश बाईंनी तिसऱ्यांदा काढू दिल्या नाहीत. "कोर्ट खुलं असतं," त्या म्हणाल्या. "बसू द्या."

जुलैत जिल्ह्याचे मोठे न्यायाधीश तपासणीला आले. आप्पारावांना आधीच सुगावा लागला होता. ते शाल, हार आणि ग्रामसभेचा ठराव घेऊन दारात हजर. हनुमानही मागं उभा, इस्त्रीच्या कपड्यात. बायका ओट्यावर.

मोठ्या न्यायाधीशांनी हार घेतला नाही. ठराव वाचला, मग सुनिताच्या हातातलं निवेदन वाचलं.

"दोघांनाही समिती पाहिजे," ते म्हणाले. "दोघांनाही सांगतो, मिळणार नाही. कोर्टाचं काम गावाच्या ताब्यात देता येत नाही. आज तुमच्या बाजूचं गाव असेल, उद्या विरुद्ध असेल. मग कोर्टात येऊन काय उपयोग?"

आप्पाराव मान हलवत होते, जणू हेच त्यांना म्हणायचं होतं. रतनबाईला ते बघून राहवलं नाही.

"साहेब, बराबर बोलला तुमी. ह्या गावाच्या ताब्यात गेलं तर म्या मेलेच. पन आता कुनाच्या ताब्यात हाय? तारीख वकील मागतो, कारकून देतो, आन ज्याला पळ काढायचाय त्येच्या सोयीची पडती. आमाला ताबा नकोच. आमी कवा घरी असतो, एवडं कोर्टानं इचारावं. एवडं इचारायला बी काय कायदा लागतो का?"

"आन न इचारता वॉरंट काढत्यात," मागून करिष्मा म्हणाली. ती कडेवर पोर घेऊन उभी होती. "आमच्या आत्याच्या, माज्या सासूच्या नावाचं काढलं. मारनाऱ्याच्या न्हाई."

मोठे न्यायाधीश न्यायाधीश बाईंकडं वळले. दोघं आत गेले. बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा त्यांनी भाषण केलं नाही. ऊसतोड मजूर पक्षकार किंवा साक्षीदार असलेली प्रकरणं वेगळी काढायची, दसऱ्याच्या आत त्यांच्या साक्षी घ्यायच्या, आणि त्यांच्या तारखा गावोगावच्या ग्रामपंचायतीत लावायच्या. यंदापुरतं, बघू कसं जमतं. एवढं सांगून ते गाडीत बसले.

"यंदापुरतं?" सुनिता म्हणाली. "आन पुढल्या साली पुना हेच?"

"पुढल्या साली पुना येऊ," रतनबाई म्हणाली, पण तिलाही चीड आलीच होती. सरळ गोष्ट, आणि ती एका वर्षाच्या उधारीवर दिल्यासारखी.

ऑगस्टात तिची साक्ष झाली. हनुमानच्या वकिलानं उलटतपासणीत विचारलं, "तुमचं आणि आरोपीचं आधीपासून वाकडं होतं, हे खरं आहे?"

"न्हाई. दोन सालं त्याच्याच टोळीत गेलतो आमी."

"तुम्ही ट्रकवरून पडलात आणि खोटी फिर्याद दिलीत."

"म्या ट्रकवर चढलेच नव्हते. चढायचं न्हाई म्हनले म्हनूनच मार खाल्ला."

"मग एवढी वर्षं सांगायला का आला नाहीत?"

रतनबाईनं कठडा घट्ट धरला. "म्या आले," ती म्हणाली. "दर पावसाळ्यात आले. तुमी आजारी हुता."

न्यायाधीश बाईंनी वकिलाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हे उत्तर लिहून घ्या." कारकुनाची बोटं खडाखड चालली.

चंद्रभागाबाईची साक्ष झाली, करिष्माची झाली. आप्पारावांनी त्याआधी एकदा चंद्रभागाबाईच्या घरी साडी पाठवली होती. म्हातारीनं ती तशीच परत धाडली आणि कोर्टात बोट दाखवून सांगितलं, ह्यानं मारलं.

निकाल लागला तेव्हा खोली गच्च भरली होती. हनुमान दोषी. एक वर्षाची शिक्षा. तो खाली मान घालून उभा होता, आणि रतनबाईला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. दुपारी त्याला अपिलासाठी जामीनही मिळाला. आप्पारावांच्या गाडीत बसून तो त्यांच्या समोरून गेला.

करिष्माचे डोळे भरून आले. "आत्या, मंग मिळालं काय आपल्याला? त्यो तर निघाला."

"निघू दे," रतनबाई म्हणाली. खांदा दाबत ती ओट्यावर उभी होती. "त्यानं मारलं, हे त्येच्या म्होरं वाचून दाखवलं. गाव ऐकत हुतं. आता त्यो कुनाच्या पोरीला ट्रकमदी ओढायच्या आदी इचार करील. न्हाई केला तर पुना हितंच यील."

"आन अपिलात तारखा पडल्या उसात तर?"

"तर बीडला जाऊन बसू. तिथं काय बाकं न्हाईत?"

शहादेव पाणी घेऊन आला. ती दोन घोट प्यायली. तेवढ्यात आतून शिपायानं सुनिताचं नाव पुकारलं, पोटगीच्या दाव्याचं. आज तिचा नवराही आला होता, त्याला यावंच लागलं होतं. सुनिता उठली. रतनबाईनं तिचा हात धरला आणि सगळ्या बायका पुन्हा आत जाऊन बसल्या.